पुरी शिवी, अर्धी शिवी

अनुपमा सकपाळ व्यायामशास्त्राची पदवी घेऊन पुण्याहून घरी आली, तेव्हा वाडीचं एकमत झालं : पोरगी हुशार होती, पण कोणीतरी फसवली.

व्यायाम ही विद्यापीठात जाऊन शिकायची गोष्ट आहे, हे त्या वाडीला पटणं कठीणच होतं. पोलादपूरहून कापड्याला यावं, तिथून डोंगराच्या अंगाला चढणारी वाट धरावी आणि 'आता परत फिरावं' असं मनात आलं की समजावं, वाडी अर्ध्यावर आली. अशा ठिकाणी माणूस मीठ आणायला खाली उतरला तरी त्याचा आठवड्याचा व्यायाम होऊन जातो.

"चढ चढायचं कॉलेज काढलंय पुण्यात?" बयाबाईने विचारलं. बयाबाई म्हणजे वाडीचं वर्तमानपत्र. फरक एवढाच, की वर्तमानपत्राला दिवाळीची सुट्टी असते.

"चढायचं नाय गो काकी. चढताना आपल्या आत काय चालतं, ते शिकायचं."

"आत काय चालनार? जीव जातो."

अनुपमाच्या बापाने, राजेशने, पोलादपूरला हमरस्त्यावर पंक्चर काढता काढता मुलीच्या शिक्षणाची जाहिरात केली होती ती 'डॉक्टरकी' अशी. त्यात त्याची फसवाफसवी नव्हती. हाडं, स्नायू, हृदय एवढे शब्द मुलीच्या तोंडून ऐकल्यावर कोणताही बाप तेच समजेल. पण एक बाई कान दुखणारं पोर घेऊन थेट दुकानावर आली, तेव्हा त्याला खुलासा करावा लागला.

"तशी डॉक्टर नाय ती. औषध देत नाय."

"मग देते काय?"

राजेशने प्रामाणिकपणे सांगितलं, "त्रास."

अनुपमाला ही व्याख्या इतकी आवडली, की तिने ती फोन करून सेजलला ऐकवली. सेजल तिची पुण्यातली खोलीवरची मैत्रीण. आता ती मुंबईत एका भल्यामोठ्या जिममध्ये होती. तिथे लोक गाडीने येत, लिफ्टने वर जात आणि मग जिना चढायच्या यंत्रावर घाम गाळत. "तू पण ये ना," सेजल दर वेळी म्हणे, "जागा आहे, पगार चांगला आहे, आणि इथे कोणी कानदुखी घेऊन येत नाही."

तिच्या वर्गातलं खरं तर कोणीच फसलेलं नव्हतं. एकजण कबड्डीच्या संघाबरोबर गावोगाव हिंडत खेळाडूंचे गुडघे सांभाळत होता. एकजणी महाडच्या औद्योगिक वसाहतीत गोण्या उचलणाऱ्यांच्या पाठी वाचवत होती. एकजण म्हातारपणी तोल का जातो यावर संशोधन करत होता, आणि स्वतः दर पावसाळ्यात एकदा तरी वसतिगृहाच्या जिन्यावरून पडत होता. अनुपमाचा जीव मात्र अडकला होता तो हृदयात. शेवटच्या वर्षी तिने एका इस्पितळात काम केलं होतं. झटका येऊन गेलेली माणसं तिथे भिंत धरून यायची आणि काही महिन्यांनी भाजीच्या पिशव्या घेऊन, रिक्षावाल्याशी भांडत घरी जायची. तिला ते बघायचं होतं, पण आपल्या मुलखात. इथेही झटके येत होते. पुढे काय करायचं ते सांगणारं मात्र कोणी नव्हतं.

म्हणून ती महाडला डॉ. सुम्बुल मुकादम यांच्याकडे गेली. वडिलांनी आखातात कमावलेल्या पैशातून सुम्बुलबाईंनी छोटं इस्पितळ बांधलं होतं. त्या बोलायच्या कमी आणि ऐकायच्या पुरतं.

"कल्पना उत्तम आहे," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "पण माणसं येणार नाहीत. इथे एकदा हृदयात स्प्रिंग बसली, की घरचे त्याला लोणच्याच्या बरणीसारखं फळीवर ठेवतात. तू मला एक माणूस नीट उभा करून दाखव, असा की लोकांनी बघितला पाहिजे. मग खोली तुझी. पहिल्या मजल्यावरची. तळमजला पावसाळ्यात सावित्री नदीचा असतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर शिमग्यानंतर तू मुंबईला जा. चांगली शिकलेली मुलगी इथे कुजवायचं पाप मी घेणार नाही."

माणूस शोधायला अनुपमाला लांब जावं लागलं नाही. तो घरासमोरच खाटेवर पडला होता.

भागोजी हा राजेशचा चुलता, म्हणजे अनुपमाचा चुलत आजा. भात झोडताना त्याला झटका आला होता आणि मुंबईला नेऊन दोन स्प्रिंगा बसवून आणल्या होत्या. तेव्हापासून त्याची बायको प्रयागबाई त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. तो पाणी पीत असे आणि तांब्या ती धरून उभी राही. मुंबईला नोकरी करणारा मुलगा शुभम रोज फोनवर बजावे, "बाबांना हलू देऊ नकोस." ज्या माणसाने आयुष्यात बैलालाही इतकं बसू दिलं नव्हतं, तो खाटेवर पडून कौलं मोजत होता.

पण भागोजीचं खरं दुखणं छातीत नव्हतं. ते होतं देवळात, आढ्याला बांधलेलं.

शिमग्याला काळकाई देवीची काठी निघते. काठी म्हणजे आंब्याच्या शेंड्याला भिडेल असा बांबू, रंगीत कापडांत गुंडाळलेला, वर गोंडे बांधलेला. एकाच माणसाने तो कमरेच्या पट्ट्यात रोवायचा, पेलायचा आणि नाचवत देवळापासून सहाणेपर्यंत न्यायचा. सहाण म्हणजे वर्षातून एकदा देवीची पालखी बसते तो दगडी चौथरा. चार बाजूंनी चौघे दोर धरून असतात, पण भार एकट्याचा. काठी जमिनीला टेकता कामा नये. हा मान भागोजीच्या घराचा. घरातलं कोणी उभं राहिलं नाही, तर मान पलीकडच्या घराला, म्हणजे काशीरामला.

भागोजी आणि काशीराम यांचं भांडण एका फणसावरून सुरू झालं होतं. फणस केव्हाच वादळात पडला होता, भांडण मात्र मुळं धरून उभं होतं. दिसायला शुभमही दणकट होता. जिममध्ये कमावलेले त्याचे दंड सदऱ्यात मावत नसत. पण काठी दंडाने पेलत नाही, ती कमरेने आणि तोलाने पेलते. गेल्या वर्षी त्याने सरावाचा बांबू उचलला, तो सरळ बयाबाईच्या कौलांवर. बातमी त्या दिवशी छापून यायच्या आतच तिच्या घरात शिरली होती.

"गो पोरी," भागोजी खाटेवरून म्हणाला, "मला काठी उचलायची हाय."

"उचलाल की."

"कधी?"

"शिमग्याला. आज त्या चिंचेपर्यंत चालायचं."

प्रयागबाईने तांब्या खाली ठेवला. "चालवून मारतेस का काय गो माझ्या माणसाला?"

"आजी, तुम्ही निजवून मारताय."

हे वाक्य फार टोकाचं झालं, पण लागलं. सुम्बुलबाईंनी भागोजीला तपासलं, यंत्राच्या पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख बघितला आणि मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमा आणि भागोजी चिंचेच्या दिशेने निघाले. मागून प्रयागबाई, आणि तिच्यामागे बातमीच्या ओढीने बयाबाई.

"किती जोरात चालायचं त्याचं एक माप हाय," अनुपमाने सांगितलं. "चालता चालता बोलायचं. वाक्य पुरं झालं तर ठीक. मधेच तुटलं तर थांबायचं."

"हे पुण्याला शिकवतात?"

"पुण्यालाच नाय, जगभर."

"बोलू काय पण?"

इथे शास्त्राची पंचाईत झाली. सांगून बोलायची वेळ आली की मराठी माणसाला काही सुचत नाही. भागोजीने हवापाण्यावर एक वाक्य बोलून पाहिलं. मग प्रयागबाईच्या आमटीवर अर्धं बोलला आणि मागे बघून आवरतं घेतलं. तेवढ्यात वाटेत काशीरामचं दार आलं, दारात काशीराम आला, आणि भागोजीला वाचा फुटली.

भागोजीची शिवी ही बघण्यासारखी चीज होती. ती आई-बहिणीवर जात नसे. ती आधी माणसाला पाटावर बसवी, वाढे, आणि मग पाट ओढून घेई. "काश्या," त्याने सुरुवात केली, "तुझी म्हैस घागरभर दूध देवो..."

आणि दम तुटला.

काशीराम दारात थिजला. बयाबाईने तोंडावर हात ठेवला. भागोजीने काशीरामला आशीर्वाद दिला, ही बातमी ती खाली कापड्यापर्यंत पोचवून परत आली तरी भागोजी कट्ट्यावर बसून श्वास घेत होता. मग त्याने शांतपणे उरलेलं पुरं केलं : "नि ती घागर तुझ्याच पायावर फुटो!"

"हेच माप," अनुपमा आनंदाने म्हणाली. "अख्खी शिवी आली तर चालायचं. आशीर्वादावर अडली तर बसायचं."

जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत हे माप बोलण्यावरच बेतलेलं आहे. त्यात काशीरामची भर घालण्याचं श्रेय अनुपमा सकपाळ हिचं.

थंडीभर हे चाललं. आधी काशीरामला नुसतेच आशीर्वाद मिळाले. त्याच्या माडाला नारळ लगडले, मुलाला नोकरी लागली, सून गोड बोलू लागली. प्रत्येक वेळी पुढचा अनर्थ दम तुटल्यामुळे हुकत होता. मग हळूहळू नारळ डोक्यात पडू लागले, नोकरी अंदमानला लागली आणि सून गोड बोलून दागिने घेऊन माहेरी गेली. अनुपमा सुम्बुलबाईंना फोन करून सांगे, "आज चढावर सलग पुरी शिवी." बाई म्हणत, "नाडी?" ती नाडी सांगे. बाई म्हणत, "छान. शिवी कोणती?"

चिंच मागे पडली, शाळा मागे पडली, देऊळ आलं. आता उचलायची तालीम. आधी कोयता, मग पाण्याची कळशी, मग लहान बांबू, मग त्याहून मोठा. आणि इथे अनुपमा रीतीवर अडखळली.

वाडीची रीत अशी, की काठी उचलताना उचलणाऱ्याने दम कोंडायचा आणि काठी उभी राहीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बाप, आजा, पणजा, सगळ्यांनी अशीच उचलली होती.

"दम कोंडायचा नाय," अनुपमा म्हणाली. "कोंडून जोर लावला की रक्ताचा दाब एकदम चढतो. तुमच्या स्प्रिंगांना ते परवडायचं नाय. उचलताना श्वास बाहेर. बोलत बोलत उचलायचं."

"देवीची काठी शिवी देत उचलू?"

"काठीला कुठं देताय? काशीराम काकांना देताय."

प्रश्न गुरवाकडे गेला. मोरू गुरव जन्मात कधी घाईने उत्तर देत नसे. त्याने देवीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, अनुपमाकडे पाहिलं. "शिमग्याची शिवी देवी ऐकूनच घेते," तो म्हणाला. "देवीची हरकत नाय. पर ज्याला बसनार, त्याला इचारा."

म्हणजे आता काशीरामकडे जाऊन विचारायचं, की वाजतगाजत, सगळ्या वाडीसमोर, तुम्हाला शिवी दिलेली चालेल का? पुण्याच्या अभ्यासक्रमात याचा धडा नव्हता. अनुपमा एकटीच गेली. काशीराम म्हशीला कोंडा घालत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मी नाय म्हटलं तर?"

"तर आजा काठी उचलणार नाय. मान तुमच्याकडे येईल."

काशीरामने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला.

"आजारी माणसाकडून घेतलेला मान," तो पुटपुटला, "वाडीभर मिरवू कुठल्या तोंडानं? देऊ दे त्याला शिवी. पर मी पुढच्या दोराला असतो. नीट ऐकू आली पायजे. गुळमुळीत चालनार नाय."

मग अनुपमाने भागोजीकडून देवीसमोर शब्द घेतला : शिवी अर्धी राहिली की हट्ट नाही, तिथल्या तिथे काठी शुभमकडे द्यायची; उभी झालेली काठी चार पावलं धरण्यापुरता तो पुरे होता. वाटेत काठी दुसऱ्याच्या हाती देणं रीतीत बसत होतं, आजवर दिली मात्र कोणी नव्हती. भागोजीने शब्द दिला. पण देताना तो देवीकडे बघत होता, अनुपमाकडे नाही, आणि हे तिने पाहिलं.

शिमग्याच्या दिवशी दुपारी ऊन मी म्हणत होतं. मुंबईकर आले होते. शुभम नवा लाल टी-शर्ट घालून आला होता. सुम्बुलबाईंनी गाडी कापड्याला ठेवली आणि त्या पायी वर आल्या. देवळापाशी पोचल्या तेव्हा त्यांचं स्वतःचं वाक्य पुरं होत नव्हतं.

भागोजीने ते ओळखलं. "डाक्टरीनबाई, तुमी पन पोरीकडं नाव घाला."

ढोल थांबले. भागोजीने पट्टा आवळला, काठीचा बुंधा कमरेशी घेतला. पुढच्या दोराला काशीराम छाती काढून उभा राहिला, जणू त्याचाच सत्कार होता. रीतीप्रमाणे सगळी वाडी गप्प झाली. आणि त्या शांततेत, पिढ्यानपिढ्यांची रीत मोडत, भागोजीचा आवाज चढला :

"काश्या, तुला सात गावची पाटीलकी मिळो, नि सातही गावं धरणात जावोत!"

'जावोत'ला काठी उभी होती. ढोल कडाडले. आकाशात गोंडे थरथरले आणि वाडीने असा गलका केला की सुम्बुलबाईंनी कानावर हात ठेवले. प्रयागबाई रडत होती आणि रडता रडता सर्वांना सांगत होती, "मीच म्हनलं होतं, चालवा ह्यांना."

भागोजी नाचत निघाला. कंबर झुलत होती, बांबू डोलत होता. अनुपमा त्याच्या डाव्या अंगाला कान लावून चालत होती. ढोलाच्या गदारोळात तिला एकच आवाज ऐकायचा होता. सपाटीवर एक पुरी शिवी आली. शाळेच्या वळणावर दुसरी आली. मग शेवटचा चढ लागला.

"काश्या," भागोजी म्हणाला, "तुझी म्हैस घागरभर दूध देवो..."

पुढे काही नाही.

अनुपमा ओरडली. "आजा, द्या काठी! शुभमदादा!"

शुभम मागच्या दोराला होता. एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात मोबाईल, बापाचं शूटिंग चाललं होतं. ढोलात त्याला काही ऐकू गेलं नाही. भागोजीने दात आवळले, नजर सहाणेवर रोवली आणि पुढचं पाऊल उचललं. गाल फुगले. तो दम कोंडत होता.

"आजा! शब्द दिलाय!"

पण तिच्याबरोबरच ते दुसऱ्या कोणाला तरी कळलं होतं. पुढच्या दोरावरचा काशीराम गर्रकन वळला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. भागोजीने आपल्याला भर शिमग्यात चांगलं म्हणावं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं! त्याने दोर जवळ दिसेल त्याच्या हातात कोंबला. ती बयाबाई निघाली. "धर गो!" म्हणून तो मागे धावला आणि त्याने काठीखाली कंबर दिली.

"दे, भाग्या."

"मान... माझा..."

"मान घाल चुलीत. काठी टेकली तर दोघांचाबी जाईल. नि तू गेलास तर तो फणस कोनाचा होता ते मला कोन सांगनार? दे!"

भागोजीने काशीरामकडे पाहिलं, अनुपमाकडे पाहिलं, आणि सोडली. काठी एकदा झुकली, बयाबाई दोराला लोंबकळली आणि काठी पुन्हा सरळ झाली. काशीराम ती घेऊन चढाला लागला.

अनुपमाने भागोजीचं मनगट धरलं. सुम्बुलबाई शेजारी आल्याच होत्या. "छातीत दुखतंय? हातात? जबड्यात?"

"नाय गो. दम लागला नुसता."

नाडी धावत होती, पण ताल धरून. हळूहळू उतरू लागली. अनुपमाला तिची चाल थंडीभराच्या ओळखीने पाठ होती. तिने सुम्बुलबाईंकडे पाहिलं, बाईंनी मान डोलावली. वरून चढावरून काशीराम ओरडला, "भाग्या, पुरी कर रे! म्हशीची काळजी लागलीय!"

भागोजीने कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला आणि एका दमात, खणखणीत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी पुरी केली : "नि ती घागर तुझ्याच पायावर फुटो!"

वाडी हसून लोटपोट झाली. काशीरामने चढ पार केला, सहाणेच्या अलीकडच्या सपाटीवर आला आणि उलट तोफ डागायला तोंड उघडलं. "भाग्या, तुझं भात पिवळंधमक पिको..." आणि त्याचाही दम तिथेच तुटला. तोवर भागोजीला सावकाश चढवत वर आलेल्या अनुपमाकडे त्याने अगतिकपणे पाहिलं.

"आजा," अनुपमा म्हणाली, "एवढी सपाटी तुमची. पण बोलत."

भागोजीने काठी परत घेतली आणि बोलत बोलत सहाणेला नेली. वाटेत तो काय बोलला, ते छापण्यासारखं नाही, पण वाक्यं सगळी पुरी होती.

सुम्बुलबाई फार बोलल्या नाहीत. उतरताना एवढंच म्हणाल्या, "खोलीला रंग कोणता देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुपमाच्या दारात पहिला आला तो काशीराम. "भात पिवळं पिको म्हनलो मी त्याला," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला, "सगळ्यांसमोर. माझी छाती बघून घे गो." त्याच्यामागे दोघं होती, मागून आणखी काही चढत होती. राजेशने त्या आठवड्यात पंक्चरच्या दुकानावर पाटी लावली : 'हृदयाच्या त्रासासाठी मुलीला भेटा.' चूक त्याच्या लक्षात आणून दिल्यावरही त्याने ती बदलली नाही.

आता महाडला पहिल्या मजल्यावर अनुपमाची खोली आहे. चालायचे दोन पट्टे, एक सायकल, पाण्याने भरलेल्या कळशा, आणि भिंतीवर काठी पेलणाऱ्या भागोजीचा फोटो, शुभमने काढलेला. सेजलचा फोन आला की अनुपमा तिला सांगते, "तूच ये, मी इथे दुसरी खोली मागतेय."

गेल्या आठवड्यात बाजारपेठेतले रऊफ चाचा आले. कापडाचा धंदा, मितभाषी, साऱ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलेलं नाही. स्प्रिंग बसून महिना झाला होता. त्यांनी सगळ्या सूचना अदबीने ऐकल्या आणि खाकरून म्हणाले, "बेटा, मला शिव्या येत नाहीत."

"शिवी नको, चाचा. नुसतं बोला. बोलायला सोपं जाईल असं एखादं माणूस आठवा. ज्याच्याबद्दल पुष्कळ बोलायचंय, पण बोलायचं राहून गेलंय असं."

चाचांनी खिडकीबाहेर बाजारपेठेकडे पाहिलं. टोपी काढून खिडकीत ठेवली.

"जावयाबद्दल चालेल?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पट्ट्यावर चढले.